शुद्ध रक्ताचा घोडा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



आज मी तुमच्याशी एका घोड्याविषयी बोलणार आहे. घोडा हा आपल्या ओळखीचा प्राणी. लग्नाच्या वरातीत, खंडोबाच्या मूर्तीपाशी, मोहरमच्या मिरवणुकीत दुलदुल म्हणून, गावोगावच्या चौकातल्या पुतळ्यांत तो आपल्याला भेटत असतो. पण आजचा घोडा आहे स्पेनच्या दक्षिणेकडचा, अंदालुसिया नावाच्या प्रांतातला. जगभर त्याला अंदालुसियन म्हणतात. स्पेनमध्ये मात्र त्याचे अधिकृत नाव आहे 'पुरा रासा एस्पान्योला', म्हणजे शुद्ध स्पॅनिश वंशाचा. या नावातल्या 'शुद्ध' या शब्दापाशी माझे मन बरेच दिवस घुटमळते आहे. आजचे बोलणे त्यातूनच सुचलेले आहे.

आधी घोड्याची ओळख करून देतो. उंचीने तो फार थोराड नाही. खांद्यापाशी दीड मीटरहून थोडा अधिक भरतो. मान भरदार आणि कमानदार, आयाळ आणि शेपूट दाट, छाती रुंद, पाठ आखूड, पुठ्ठा गोलसर. अरबी घोड्याचे नाक मध्ये किंचित खोलगट असते. याचे सरळ किंवा थोडे बाहेर आलेले. बहुतेक घोडे पांढरे दिसतात, पण जन्मतः ते पांढरे नसतात. शिंगरू जन्मते तेव्हा काळपट किंवा तांबूस असते. मग वर्षागणिक राखी होत जाते आणि वयात आल्यावर काही वर्षांनी शुभ्र होते. म्हणजे ज्या पांढऱ्या रंगासाठी हा घोडा नावाजलेला, तो रंग त्याला वयाने मिळतो, जन्माने नाही.

धावण्यात शर्यतीचा इंग्लिश घोडा याला सहज मागे टाकील. याची कीर्ती वेगळ्या कारणासाठी आहे. सगळे अंग आवरून, मागच्या पायांवर भार घेऊन, जागच्या जागी ताल धरावा तो यानेच. हेरेस या गावात १९७३ साली आल्वारो दोमेक या स्वारांनी अश्वकलेची एक शाळा काढली. आज ती 'रेआल एस्कुएला' म्हणजे राजेशाही शाळा म्हणून ओळखली जाते. तिथल्या खेळाचे नावच मुळी 'अंदालुसियाचे घोडे कसे नाचतात' असे आहे. घोडा एक पाऊलही पुढे न टाकता दुडकी चालतो, मागच्या पायांवर बसून पुढचे पाय उचलून स्थिर राहतो, उडी मारून हवेत मागचे पाय झाडतो. आज हे नृत्य वाटते. पण त्याच्या मुळाशी लढाईतली गरज होती. हातघाईच्या गर्दीत जो घोडा जागच्या जागी वळतो, थांबतो आणि पुन्हा उसळतो, तोच स्वाराला जिवंत परत आणतो. अंदालुसियातले गुराखीही असेच घोडे वापरत आले. हातात साडेतीन-चार मीटर लांबीचा लाकडी दांडा घेऊन माजलेल्या बैलांच्या कळपात शिरायचे, तर घोडा चपळ आणि शहाणा दोन्ही हवा.

आता हा घोडा ज्या मातीत वाढला तिच्याकडे वळू. अंदालुसियाचे क्षेत्रफळ सुमारे ८७ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या एकतृतीयांशाहूनही कमी. उन्हाळा कडक, टेकड्यांवर ऑलिव्हच्या रांगा, हेरेसच्या बाजूला पांढुरक्या जमिनीत द्राक्षांचे मळे. प्रांताच्या मधून ग्वादाल्किविर ही नदी वाहते. हे नाव मूळचे अरबी 'अल्-वादी अल्-कबीर', म्हणजे मोठी नदी. कोर्दोबा तिच्याच काठी, सेव्हिलही तिच्याच काठी, आणि पुढे समुद्राला मिळण्याआधी ती पाणथळ, गवताळ सपाटीत पसरते. घोड्यांना लागणारी कुरणे या खोऱ्यात होती. रोमन लोकांच्या काळात या प्रांताचे नाव बेतिका होते, आणि तेव्हाही रथांच्या शर्यतीसाठी इथले घोडे मागवले जात. ७११ साली तारीक इब्न झियाद सामुद्रधुनी ओलांडून आला. जिब्राल्टर या नावात त्याचेच नाव आहे: जबल तारीक, तारीकचा डोंगर. पुढे १२३६ साली कोर्दोबा आणि १२४८ साली सेव्हिल ख्रिस्ती राजांनी घेतले. ग्रानादाचे शेवटचे मुसलमानी राज्य १४९२ साली गेले.

या घोड्याविषयी दोन गोष्टी सांगितल्या जातात, आणि सांगणाऱ्यांना त्या फार प्रिय असतात. पहिली गोष्ट मी लहानपणापासून वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकत आलो. ती अशी की, हा घोडा म्हणजे अरबांची देणगी. वाळवंटातले घोडे तिकडे गेले आणि त्यांच्यापासून ही अवलाद झाली. दुसरी गोष्ट स्पेनमध्ये सांगतात. हा घोडा याच मातीतला, रोमनांच्याही आधीचा, आणि मुसलमानी अमलाच्या इतक्या शतकांत त्याच्या रक्ताला परका थेंब शिवला नाही.

घोडा दोघांचेही ऐकत नाही. ७११ साली जे सैन्य आले त्यात अरब थोडे आणि उत्तर आफ्रिकेतले बर्बर पुष्कळ होते. बर्बरांचा घोडा वेगळा. त्याला बार्ब म्हणतात. आईकडून संततीकडे उतरणाऱ्या जनुकांचा माग अलीकडे अभ्यासकांनी काढला, तेव्हा असे दिसले की, स्पेन-पोर्तुगालमधल्या घोड्या आणि बार्ब घोड्या एकमेकींच्या जवळच्या नात्यातल्या आहेत. यात नवल ते काय? दोन खंडांमधली ती सामुद्रधुनी अरुंद जागी अवघी १४ किलोमीटर आहे. गोष्टीतला अरबी घोडा इथे थोडा मागे सरतो. आणि 'परका थेंब शिवला नाही' हेही टिकत नाही, कारण मुळात परके कोणाला म्हणायचे हेच ठरवता येत नाही.

रक्ताचा पुरावा सूक्ष्मदर्शकाखाली शोधावा लागतो. शब्दांचा पुरावा मात्र उघड्यावर पडलेला असतो, आणि तो वाचणे हे माझ्यासारख्या कवीला जास्त जवळचे. स्पॅनिश भाषेत घोडेस्वाराला 'हिनेते' म्हणतात. हा शब्द झनाता या बर्बर जमातीच्या नावावरून आला. हे झनाता स्वार आखूड रिकिबीत पाय ठेवून, गुडघे दुमडून, हलके बसत आणि क्षणात घोडा फिरवत. लोखंडी चिलखतातले, लांब रिकिबीत पाय ताठ ठेवणारे ख्रिस्ती सरदार ही बैठक त्यांच्याशी लढता लढता शिकले. तिला त्यांनी नाव दिले 'आ ला हिनेता'. घोड्याचा साज म्हणजे 'हाएस', पाठीवरची गादी 'आल्बार्दा', मोहरकी म्हणजे 'हाकिमा', खरारा म्हणजे 'आल्मोआसा', तांबडा घोडा म्हणजे 'आलासान'. हे सगळे अरबीतून आलेले शब्द. अरबीत घोड्यांच्या वैद्याला बैतार म्हणतात. उर्दूतही तोच शब्द. स्पॅनिशमध्ये तो 'आल्बेइतार' झाला, आणि पशुवैद्यकाच्या आधुनिक शाळा निघेपर्यंत तिथे घोड्यांच्या वैद्याला याच नावाने ओळखत. शब्द आले ते विद्येबरोबर आले. बाराव्या शतकात सेव्हिलच्या इब्न अल्-अव्वामने शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात घोड्यांची निगा आणि त्यांचे आजार यांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. चौदाव्या शतकाच्या अखेरीस ग्रानादात इब्न हुदैलने तर घोडा आणि घोडेस्वारी याच विषयावर पुस्तक लिहिले.

हे ऐकताना आपल्या भाषेकडेही थोडे पाहावे. लगाम, जीन, खोगीर, चाबूक, तोबरा हे फारसीतून आले. नाल आणि रिकीब अरबीतून. स्पॅनिशमध्ये खोगिरावर टाकायच्या दुपाखी पिशवीला 'आल्फोर्हा' म्हणतात. तो अरबी 'खुर्ज', आणि आमच्या दखनी बोलीत तीच खुर्जी. हे सारे सामान मराठीतून काढून टाकायचे कोणी ठरवले, तर मराठी माणसाला घोड्याच्या उघड्या पाठीवर बसावे लागेल, तेही लगामाशिवाय. आणि ज्या भीमथडीच्या घोड्यांचा आपण अभिमानाने उल्लेख करतो, त्यांच्यातही इथल्या घोड्या आणि बाहेरून आलेले अरबी-तुर्की घोडे यांची सरमिसळ होतीच.

आता मी १५६७ या सालाकडे येतो. माझ्या मते या घोड्याच्या इतिहासातले हेच सर्वांत महत्त्वाचे साल.

स्पेनच्या गादीवर तेव्हा दुसरा फिलिप होता. देशात चांगल्या घोड्यांचा तुटवडा होता. लोकांना प्रवासाला आणि ओझ्याला खेचर बरे वाटे, आणि खेचर हवे तर घोडी गाढवाला लावावी लागते. मग घोडे कुठून येणार? म्हणून खेचरांवर निरनिराळे निर्बंध घातले जात. खुद्द कोलंबसाला १५०५ साली, आजाराने घोड्यावर बसवेना तेव्हा, खेचरावर बसण्यासाठी राजाची खास परवानगी घ्यावी लागली होती. फिलिपने १५६७ साली कोर्दोबात राजेशाही पागा उभारण्याचा हुकूम काढला. दिएगो लोपेस दे आरो या सरदाराकडे ते काम सोपवले. अंदालुसियातल्या निवडक घोड्या आणि घोडे एकत्र करून राजाच्या मनातला उत्तम घोडा तयार करायचा, अशी ती योजना. जुन्या राजवाड्याला लागून खांबांची आणि कमानींची भव्य पागा बांधली गेली. १७३४ साली तिला आग लागली, ती पुन्हा बांधली, आणि ती आजही उभी आहे. आजच्या अंदालुसियन घोड्याची कुंडली इथून सुरू झाली असे मानतात.

त्याच राजाचा दुसरा एक हुकूम त्याच १५६७ सालच्या १ जानेवारीला ग्रानादात पुकारला गेला. तो माणसांविषयी होता. ग्रानादा पडल्यानंतर काही वर्षांतच तिथल्या मुसलमानांना बाप्तिस्मा घ्यायला लावले होते. त्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना मोरिस्को म्हणत. नव्या हुकुमाने त्यांना सांगितले गेले की, तीन वर्षांत कास्तिलची भाषा शिका. त्यानंतर अरबी बोलणे, वाचणे, लिहिणे हा गुन्हा, घरातसुद्धा. त्यांचा पोशाख बंद, हमामखाने बंद, लग्नातली गाणी-नाच बंद, जुनी नावे बंद. शुक्रवारी घराची दारे उघडी ठेवायची, म्हणजे आत काय चालते ते बाहेरून दिसेल.

एका हाताने राजा घोड्याची वंशावळ लिहायला बसला होता आणि दुसऱ्या हाताने माणसांची भाषा पुसत होता. यातला दैवदुर्विलास असा की, त्याच काळात स्पेनचे सरदार सणासमारंभात एक खेळ मोठ्या हौसेने खेळत. दोन पथके घोड्यांवर बसून एकमेकांवर वेताच्या काठ्या फेकत. बसायचे ते 'आ ला हिनेता', त्या बर्बर बैठकीत. आणि अंगावर घालायचे ते मूरांचे रंगीत रेशमी अंगरखे. म्हणजे सरदाराने मैदानात घातला तर तो थाट, आणि मोरिस्को विणकराने गल्लीत घातला तर गुन्हा.

या हुकुमाविरुद्ध एका म्हाताऱ्याने अर्ज केला. त्याचे नाव फ्रान्सिस्को नून्येस मुलेय. तो मोरिस्को उमराव, तरुणपणी ग्रानादाच्या पहिल्या आर्चबिशपच्या पदरी सेवक म्हणून राहिलेला. १५६७ सालचा त्याचा तो अर्ज आजही उपलब्ध आहे. त्यात तो शांतपणे एकेक मुद्दा मांडतो. पोशाख हा धर्माचा नसतो, मुलखाचा असतो. पूर्वेकडचे ख्रिस्ती तिकडच्या लोकांसारखाच पोशाख करतात आणि अरबी बोलतात, म्हणून ते ख्रिस्ती नाहीत काय? माल्टा बेटावरचे लोक ख्रिस्ती आहेत आणि त्यांची भाषाही अरबीच आहे. जी भाषा म्हाताऱ्यांच्या तोंडात जन्मापासून बसली, ती त्यांनी तीन वर्षांत कशी टाकावी?

मुलेयचा हा अर्ज मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो आपल्याच गावातल्या एखाद्या चाचांनी लिहिला असावा असे वाटले. मी मराठीत लिहितो. माझी आई मराठीतून भांडायची आणि दखनीतून लाड करायची. दोन्ही भाषा मला दुधाबरोबर मिळाल्या. तरीही "तुम्ही मुसलमान, आणि मराठी इतकी चांगली कशी?" हा प्रश्न मला अजून विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात कौतुकच असते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आणि उलट्या बाजूने, "आपली जबान सोडून मराठीत कशाला लिहिता?" असेही विचारणारे भेटतात. दोन्ही प्रश्नांत एकच समजूत दडलेली आहे: धर्माला भाषा असते आणि भाषेला रक्त असते. मुलेयने साडेचारशे वर्षांपूर्वी माल्टाचा दाखला देऊन या समजुतीला उत्तर दिले होते.

त्याचे कोणी ऐकले नाही. १५६८च्या नाताळात ग्रानादाच्या डोंगरात बंड झाले, १५७१पर्यंत ते मोडून काढले गेले आणि ग्रानादाच्या मोरिस्कोंना स्पेनभर विखुरले. पुढे तिसऱ्या फिलिपने १६०९ ते १६१४ या काळात सगळ्या स्पेनमधून सुमारे तीन लाख मोरिस्कोंना जहाजांत बसवून देशाबाहेर घालवले. माणसे गेली. हिनेते, हाएस, आल्बेइतार हे शब्द राहिले. घोडा राहिला.

ही हकालपट्टी चालू असताना, १६११ साली, कोवारुबियास नावाच्या विद्वानाने स्पॅनिश भाषेचा एक मोठा कोश प्रसिद्ध केला. त्यात 'रासा' हा शब्द आहे. तोच, जो आज या घोड्याच्या अधिकृत नावात आहे. कोशकार सांगतो की, डाग देऊन ओळखता येतील अशा उत्तम घोड्यांची जात म्हणजे रासा. आणि पुढे म्हणतो की, माणसांच्या कुळाविषयी बोलताना मात्र हा शब्द वाईट अर्थाने घेतात, म्हणजे त्या कुळात मूराचा किंवा यहुद्याचा अंश आहे असा. घोड्याला रासा असणे भूषण, माणसाला रासा असणे कलंक! तोलेदो शहरात १४४९ सालीच पहिला नियम झाला होता की, यहुदी वंशातून आलेल्या ख्रिस्ती माणसांना शहरातली अधिकारपदे मिळणार नाहीत. पुढे धर्मपीठांत, विद्यालयांत, सरदारांच्या संघांत शिरायचे तर रक्त शुद्ध असल्याचा पुरावा द्यावा लागे. आज्या-पणज्यांची चौकशी होई. शिंगराची करतात तशीच, पण शिंगराला त्याची लाज वाटत नव्हती.

घोड्यांसाठी आणि माणसांसाठी वापरला जाणारा असाच दुसरा शब्द होता 'कास्ता', म्हणजे वंश, अवलाद. हा शब्द पोर्तुगीज भाषेतही होता. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आपल्या पश्चिम किनाऱ्यावर, गोव्यात आणि मलबारात आले, इथला समाज त्यांनी पाहिला, आणि त्याला त्यांनी हाच शब्द लावला. इंग्रजीतला 'कास्ट' हा शब्द त्यातूनच आला. जात काही पोर्तुगिजांनी आणली नाही; ती आपल्याकडे होतीच. पण जगाने तिला जे नाव दिले, ते जनावरांची पैदास आणि माणसांचे कूळ एकाच मापाने मोजणाऱ्या भाषेतले आहे. हे नाव आपल्याला किती चपखल बसले, याचा विचार आपणच करायचा आहे.

आता घोड्याचे पुढे काय झाले ते सांगतो. या घोड्याने सारे जग पाहिले. १४९३ साली कोलंबस दुसऱ्या सफरीला कादिझहून निघाला, तेव्हा त्याच्या जहाजांवर घोडे होते. सेव्हिलमध्ये पाहणीच्या वेळी स्वारांनी उमदे घोडे दाखवले आणि चढवताना मरतुकडे चढवले, अशी तक्रार त्याने नंतर लिहून पाठवली! १५१९ साली कोर्तेस मेक्सिकोत उतरला तो सोळा घोडे घेऊन. अमेरिकेतले मोकाट मस्टँग, दक्षिणेतले क्रिओयो हे अशाच स्पेनहून गेलेल्या घोड्यांचे वारस. इकडे युरोपात राजघराण्यांनी हे घोडे मागवले. १५८० साली ऑस्ट्रियाच्या राजघराण्याने लिपित्सा इथे पागा काढली, तिथले मूळ घोडे स्पेनमधले. म्हणून व्हिएन्नातली ती जगप्रसिद्ध अश्वशाळा आजही 'स्पॅनिश' म्हणवते.

घरी मात्र घोड्याला वाईट दिवस आले. गाड्या ओढायला जड घोडे हवेत म्हणून उत्तरेकडचे घोडे आणून मिसळले गेले. हेरेसजवळ कार्थुसियन पंथाच्या साधूंचा मठ होता. अठराव्या शतकात या साधूंनी आपल्या घोड्यांची अवलाद निगुतीने सांभाळली, अशी परंपरा सांगतात. त्या अवलादीच्या मूळ पुरुषाचे नाव होते 'एस्क्लाव्हो', म्हणजे गुलाम. सगळ्यांत शुद्ध मानल्या गेलेल्या घराण्याचा कूळपुरुष गुलाम नावाचा असावा, ही मला इतिहासाने केलेली छोटीशी थट्टा वाटते. १८१० साली नेपोलियनच्या फौजा अंदालुसियात शिरल्या आणि त्यांनी घोडे ओढून नेले. १८३५मध्ये सरकारने मठ बंद करून मालमत्ता जप्त केली. घोडे खासगी पागांत गेले. त्यातला मोठा कळप १९४९ साली तेरी या मद्यव्यापारी घराण्याकडे आला, आणि १९८३ साली सरकारच्या ताब्यात. लगामाच्या आकाराचा डाग असलेले ते घोडे आजही हेरेसजवळच्या सरकारी पागेत आहेत.

इथे आणखी एका समाजाचे नाव घ्यायला हवे. नाल ठोकणारे, घोड्यांचे केस कातरणारे, जत्रेत घोड्यांचे सौदे करणारे अनेकजण हितानो म्हणजे जिप्सी होते. त्यांचे पूर्वज अनेक शतकांपूर्वी आपल्याच देशाच्या वायव्य भागातून निघाले आणि १४२५च्या सुमारास स्पेनमध्ये पोहोचले. त्यांच्या बोलीत पाण्याला आजही 'पान्यी' म्हणतात. त्यांच्याविरुद्ध १४९९ साली कायदा झाला. १७४९ साली तर स्पेनभर एकदम त्यांची धरपकड झाली. आणि आज ज्या फ्लामेंको गाण्याशिवाय अंदालुसियाची घोड्यांची जत्रा पुरी होत नाही, त्या गाण्याचा जीव हेरेसच्या सान्तियागोसारख्या हितानो मोहल्ल्यांत आहे.

१९१२ साली घोड्यांची अधिकृत नोंदवही सुरू झाली आणि 'शुद्ध स्पॅनिश वंश' हे नाव पक्के झाले. ही वही बरीच वर्षे लष्कराकडे होती. २००७पासून ती घोडे पाळणाऱ्यांच्या संघटनेकडे आहे. पोर्तुगालने १९६७मध्ये आपली वही वेगळी केली. त्यामुळे सख्खे म्हणावेत असे दोन घोडे सीमेच्या अलीकडे शुद्ध स्पॅनिश आणि पलीकडे शुद्ध लुसितानो झाले. मध्यंतरी तांबड्या घोड्यांना स्पेनच्या वहीत जागा नव्हती. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती मिळाली. आणि वही बंद असल्यामुळे नात्यातल्या नात्यात पैदास होत राहते. ते प्रमाण फार वाढू नये, म्हणून अभ्यासकांना आता वंशावळी तपासून जोड्यांचा विचार करावा लागतो.

वही लिहिणाऱ्यांच्या कामाला मी नावे ठेवत नाही. ती नसती तर हा घोडा कदाचित हरवला असता. घोड्याची जात टिकवायची तर कोणाचा कोण, हे लिहून ठेवावे लागते. 'शुद्ध' हा शब्द तिथे कामाचा आहे, आणि तोही बेताने, कारण फार शुद्ध ठेवले तर रक्त नासते हे घोडेवाल्यांनाही कळून चुकले आहे. बिघडते ते हा शब्द पागेतून बाहेर पडून वस्तीत शिरला की. १४९२ साली घालवलेल्या यहुद्यांच्या वंशजांना नागरिकत्व मागता यावे असा कायदा स्पेनने २०१५ साली केला. अर्जाची मुदत २०१९पर्यंत होती. मोरिस्कोंच्या वंशजांसाठी तसा कायदा झालेला नाही. त्यांची घराणी मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशियात आहेत, आणि काहींनी आपली अंदालुसी आडनावे अजून जपली आहेत.

दर वर्षी मे महिन्यात हेरेसमध्ये घोड्यांची जत्रा भरते. दिव्यांच्या माळांखालून पांढरे घोडे चालतात. त्यांच्या अंगात आफ्रिकेतल्या घोड्यांचे नाते असते, साजाला अरबी नावे असतात, स्वाराला बर्बर जमातीचे नाव असते आणि कानावर जे गाणे पडते ते गाणाऱ्यांचे पूर्वज आपल्या देशातून गेलेले असतात. त्या सगळ्याला मिळून 'शुद्ध स्पॅनिश' म्हणतात. म्हणोत बापडे. इतक्या जणांनी मिळून जे घडवले त्याला स्पॅनिश म्हणायला माझी हरकत नाही. शुद्ध म्हणताना मात्र त्या सगळ्यांची आठवण ठेवावी, एवढेच माझे म्हणणे आहे.